बॉर्नहोल्म बेट: भूगोल, गावं, बोटी, बस यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोपनहेगनला राहायला आल्यापासून बहुतेक प्रत्येक उन्हाळ्यात मी बॉर्नहोल्मला जाते. त्यामुळे मे महिना लागला की इथल्या मराठी घरांतून, आणि मुलांकडे सुट्टीला येणाऱ्या आईवडिलांकडून, तेच ते प्रश्न येऊ लागतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे. बोटींच्या वेळा आणि दर ऋतूप्रमाणे बदलतात, ते मात्र निघण्याआधी स्वतः तपासा.

१. बॉर्नहोल्म नेमकं आहे कुठे? डेन्मार्कच्या नकाशात एका ठिकाणी दिसतं, फोनवर भलतीकडेच.

फोन बरोबर सांगतोय. डेन्मार्कच्या छापील नकाशांत हे बेट बहुतेक वेळा कोपऱ्यात चौकट करून दाखवतात, कारण खऱ्या जागी दाखवायचं तर कागद फार रुंद लागेल. डेन्मार्कचा बाकी पसारा पश्चिमेला आहे. हे बेट एकटंच पूर्वेला, बाल्टिक समुद्रात, स्वीडनच्या दक्षिण टोकाच्या खाली आहे. स्वीडनचा किनारा इथून जेमतेम ४० किलोमीटर आणि कोपनहेगन सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास. दक्षिणेला पोलंड, नैर्ऋत्येला जर्मनीचं र्‍यूगेन बेट. ही जागा एकदा डोक्यात पक्की बसली की प्रवासाचे निम्मे गोंधळ आपोआप सुटतात.

२. स्वीडनच्या इतकं जवळ असून ते डेन्मार्कचं कसं?

१६५८ साली रोस्किलच्या तहात डेन्मार्कने ऑरेसुंड सामुद्रधुनीच्या पलीकडचे प्रांत स्वीडनला दिले. त्यांत स्कोना, म्हणजे आजच्या स्वीडनचं दक्षिण टोक, होता आणि बॉर्नहोल्मही होतं. पण त्याच वर्षी ८ डिसेंबरला बेटावरच्या लोकांनी उठाव केला. स्वीडिश कमांडंट प्रिंट्सेनश्योल्ड रोन्नेच्या रस्त्यात मारला गेला आणि लोकांनी बेट पुन्हा डेन्मार्कच्या राजाच्या हवाली केलं. स्कोना मात्र स्वीडनकडेच राहिला. आज कोपनहेगनहून बॉर्नहोल्मला जाताना मध्ये परका देश लागतो तो यामुळे.

३. बेट केवढं आहे? एका टोकाहून दुसऱ्या टोकाला किती वेळ लागतो?

क्षेत्रफळ ५८८ चौरस किलोमीटर, वस्ती ४० हजारांच्या आसपास. पश्चिमेच्या रोन्नेहून पूर्वेच्या नेक्सोला गाडीने अर्धा-पाऊण तास लागतो, उत्तर टोकाच्या आलिंगेलाही साधारण तेवढाच. सर्वांत उंच जागा म्हणजे रुटरक्नेग्टन टेकडी, १६२ मीटर. आपल्याला हा आकडा किरकोळ वाटेल, पण सायकलवर बसून पाहा (प्रश्न १०).

४. कोपनहेगनहून जायचे मार्ग कोणते? तुम्ही कशाने जाता?

तीन मार्ग आहेत.

पहिला, आणि बहुतेक जण घेतात तो, स्वीडनमार्गे. ऑरेसुंड पूल ओलांडून माल्मो, तिथून ईस्टाड, आणि ईस्टाडच्या बंदरातून कॅटमरान (जोड-सांगाड्याच्या वेगवान) बोटीने रोन्ने. समुद्रावरचा वेळ १ तास २० मिनिटं. २०२३ पासून या मार्गावर एक्सप्रेस ५ नावाची ११५ मीटर लांबीची मोठी बोट आहे. ईस्टाडपर्यंत आपल्या गाडीने जाता येतं, किंवा माल्मोला ट्रेन बदलून जांभळ्या रंगाच्या लोकलने. ईस्टाड स्टेशनवरून बोटीचा धक्का चालत गाठता येतो. बोटीच्या वेळेला जोडलेली थेट बससुद्धा कोपनहेगनहून सुटते. आईवडील सोबत असतील तर मी बसच सुचवते, कारण सामान घेऊन ट्रेन बदलावी लागत नाही.

दुसरा, क्योगेहून थेट बोट. त्याचं उत्तर प्रश्न ५ मध्ये.

तिसरा, विमान. कोपनहेगन ते रोन्ने ३५ मिनिटं. विमानतळ रोन्ने गावाला लागूनच आहे. लहान बाळ किंवा दुखरे गुडघे सोबत असतील तर हा पर्याय चांगला.

मी स्वतः जाताना ईस्टाडमार्गे जाते. बोट सुटली की खिडकीत स्कोनाची शेतं मागे पडतात, थोडा वेळ नुसतं पाणी दिसतं, आणि मग समोर बेटाची काळपट रेघ उगवते. ती रेघ पहिल्यांदा कोणाला दिसते याची आमच्या घरात अजून पैज लागते.

५. क्योगेची बोट साडेपाच तास घेते म्हणे. मग तिने का जायचं?

तीन कारणांसाठी. ती डेन्मार्कमधून डेन्मार्कमध्ये जाते, म्हणून ज्यांना कागदपत्रांमुळे स्वीडन टाळायचंय (प्रश्न ६) त्यांची सोय होते. ती मोठं पारंपरिक जहाज असल्यामुळे कॅटमरानपेक्षा शांत चालते. आणि क्योगेहून ती रात्री उशिरा सुटून पहाटे रोन्नेला पोचते. केबिन घेतली तर रात्र झोपेत जाते आणि सकाळी सहाला तुम्ही बेटावर. हीच बोट पूर्वी थेट कोपनहेगनच्या बंदरातून सुटायची. २००४ पासून ती क्योगेला गेली. क्योगे कोपनहेगनच्या दक्षिणेला आहे, लोकल ट्रेन तिथपर्यंत जाते.

६. माझ्या आईकडे डेन्मार्कचा एकदाच प्रवेश असलेला व्हिसा आहे. मध्ये स्वीडन लागलं तर तो संपेल का?

नाही. डेन्मार्क आणि स्वीडन दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहेत, त्यामुळे स्वीडनमध्ये गेलं तरी शेंगेनबाहेर पडलो असं होत नाही. बॉर्नहोल्मही शेंगेनमध्येच येतं; ग्रीनलंड आणि फॅरो बेटांचं तसं नाही, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. पासपोर्ट मात्र जवळ हवाच, झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो नाही. पुलावर आणि बंदरात तपासणी कधीही होऊ शकते.

दोन अपवाद नीट वाचा. काही व्हिसांवर तो फक्त डेन्मार्कपुरता असल्याचं छापलेलं असतं. अशा व्हिसावर स्वीडनमध्ये पाऊल टाकू नका. दुसरा अपवाद इथे राहणाऱ्यांचा. रेसिडेन्स कार्डाची मुदत संपली आहे, नूतनीकरणाचा अर्ज दिलाय आणि हातात नुसतं पत्र आहे, तर ते पत्र स्वीडनमध्ये चालेल असं गृहीत धरू नका. दोन्ही वेळा क्योगेची बोट किंवा विमान. एका ओळखीच्या कुटुंबाने ऐन सुट्टीच्या आदल्या रात्री कार्डावरची तारीख पाहिली होती. क्योगेच्या बोटीत जागा मिळाली म्हणून सुट्टी वाचली.

७. गाडी घेऊन जावी का?

चार जण असाल आणि तीन दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर न्या. जुलैत बोटीवर गाडीची जागा माणसांच्या जागेच्या खूप आधी संपते, त्यामुळे तिकीट लवकर काढा. पुलाचा टोल वेगळा पडतो, तो हिशेबात धरा. दोघेच असाल तर बेटावर जाऊन सायकल किंवा भाड्याची गाडी घेणं बरं.

८. बेटावर गाडीशिवाय फिरता येतं का?

येतं. बाट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बस सगळ्या मोठ्या गावांना जोडतात. बहुतेक मार्ग रोन्नेच्या बंदराजवळून सुटतात. उन्हाळ्यात किनाऱ्याने बेटाला वळसा घालणाऱ्या फेऱ्याही असतात. अडचण दोनच. उन्हाळा सरला की फेऱ्या कमी होतात, आणि संध्याकाळी उशिराची बस चुकली तर पुढची बरीच उशिरा असते किंवा नसते. म्हणून सकाळी बाहेर पडताना परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधी पाहायची आणि मग दिवस आखायचा. कोपनहेगनचा मासिक पास इथे चालेल असं समजू नका.

९. बेटावर रेल्वे आहे का? नकाशात जुनी स्टेशनं दिसतात.

होती. १९०० साली रोन्ने ते नेक्सो ही पहिली लाइन सुरू झाली, १९१३ मध्ये आलिंगेची आणि १९१६ मध्ये गुदयेमची. रूळ एक मीटर रुंदीचे, म्हणजे आपल्याकडे जिला मीटरगेज म्हणतात तीच. मोटारी आणि बस वाढल्या आणि १९६८ मध्ये शेवटची गाडी धावली. काही स्टेशनांच्या इमारती अजून उभ्या आहेत, आणि रुळांच्या जागी बऱ्याच ठिकाणी सायकलचे रस्ते झाले आहेत. रेल्वेसाठी केलेला रस्ता, म्हणून चढ अगदी मंद. मुलांना घेऊन सायकल चालवायची तर हेच रस्ते शोधा.

१०. सायकलने पूर्ण बेट होईल का?

किनाऱ्याने बेटाला वळसा घालणारा राष्ट्रीय सायकलमार्ग क्रमांक १० सुमारे १०५ किलोमीटरचा आहे. सवय असलेला माणूस एका दिवसात करतो. आपण तीन दिवस घ्यावेत. दक्षिण बाजू सपाट आहे. पश्चिमेच्या हास्लेपासून उत्तर टोकाला वळसा घालून गुदयेमपर्यंत मात्र रस्ता एकदा समुद्राला टेकतो आणि लगेच कड्यावर चढतो, पुन्हा पुन्हा. गुदयेममधला मुख्य उतार मी आजवर सायकलवर बसून चढलेले नाही, हातात धरूनच नेली आहे.

११. उत्तरेला कडे आणि दक्षिणेला वाळू, असं का? बेट एवढंसं आहे ना?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न. डेन्मार्कचा जवळजवळ सगळा भूभाग हिमनद्यांनी आणून टाकलेली माती, वाळू आणि खाली चुनखडी असा आहे. कठीण मूळ खडक जमिनीवर उघडा दिसतो तो फक्त बॉर्नहोल्मवर. बेटाच्या उत्तर भागात ग्रॅनाइट आणि नाइस (gneiss) हे कठीण खडक आहेत, शंभर कोटी वर्षांहून कितीतरी जुने. दक्षिण आणि पश्चिम कडेला जमीन मोठ्या भेगांवर खचली, आणि तिथे त्यानंतरचे वालुकाश्म, शेल, चिकणमाती असे थर टिकून राहिले. हास्लेजवळ तर पूर्वी दगडी कोळसा निघायचा, आणि रोन्नेच्या मातीवर तिथला कुंभारकामाचा धंदा उभा राहिला.

हे नुसतं वाचू नका, जाऊन पाहा. ओकिर्केबी गावात नातूरबॉर्नहोल्म हे निसर्गकेंद्र अगदी त्या भेगेवरच बांधलंय. मागच्या दाराने बाहेर पडलं की एका बाजूला लालसर ग्रॅनाइट आणि दोन पावलांवर वालुकाश्म. तिथे खाली बसून एक हात एका खडकावर आणि दुसरा दुसऱ्यावर ठेवता येतो. मधलं अंतर हातभर आणि काळ कोट्यवधी वर्षांचा.

दक्षिण टोकाला दूओदेची वाळू इतकी बारीक आणि पांढरी आहे की ती पूर्वी वाळूच्या घड्याळांत भरत. कोरडी वाळू मुठीत घेतली तर बोटांच्या फटींतून पाण्यासारखी निसटते, आणि संध्याकाळी घरी आल्यावर बुटांतून, पिशवीतून, मुलांच्या कानांतून निघत राहते. तिथलं ४७ मीटर उंच दीपगृह १९६२ चं आहे.

१२. राहायला कुठलं गाव निवडू?

इथे लोक सर्वांत जास्त चुकतात. बोट रोन्नेला लागते म्हणून हॉटेलही रोन्नेलाच घेतात आणि बेट न पाहता परत येतात.

रोन्ने हे बेटाचं सर्वांत मोठं गाव, वस्ती १४ हजारांच्या आसपास. हॉस्पिटल, मोठी दुकानं, कचेऱ्या सगळं इथेच. जुन्या भागातल्या फरसबंदी गल्ल्या सुंदर आहेत, पण दोन तासांत पाहून होतात. मे १९४५ मध्ये, बाकी डेन्मार्क मुक्तीचा आनंद साजरा करत असताना, रोन्ने आणि नेक्सोवर सोव्हिएत विमानांनी बाँब टाकले, कारण बेटावरचा जर्मन कमांडंट त्यांना शरण येईना. सोव्हिएत सैन्य पुढे ५ एप्रिल १९४६ पर्यंत बेटावर होतं. या दोन गावांत मध्येच स्वीडिश धाटणीची लाकडी घरं दिसतात, ती पडझडीनंतर स्वीडनने पाठवलेली.

गुदयेम उतारावर वसलंय. लाल कौलं, खाली छोटं बंदर, उन्हात भिंतीला टेकून अंजिराची झाडं. वस्ती सातशेच्या आसपास, पण जुलैत गल्लीतून चालायला जागा नसते. क्रिस्टियान्सोला जायचं असेल (प्रश्न १६) तर इथे मुक्काम सोयीचा.

पूर्व किनाऱ्यावरचं स्वानेके मला सर्वांत जवळचं. जुन्या सनदेने शहराचा दर्जा मिळालेल्या गावांत हे डेन्मार्कमधलं सर्वांत छोटं, वस्ती हजाराच्या आसपास. जुनी घरं इतकी नीट जपली आहेत की १९७५ मध्ये त्यासाठी युरोपीय सुवर्णपदक मिळालं. गावाबाहेरची तीन पायांची पाण्याची टाकी जरूर पाहा. ती यॉर्न उट्झन यांनी सिडनीचं ऑपेरा हाउस करण्याच्या आधी बांधली.

नेक्सो हे कामकरी बंदर. कॉडची मासेमारी कमी होत होत २०१९ पासून जवळजवळ थांबली, आणि त्याचा घाव धक्क्यावर चालताना दिसतो. नटवलेलं गाव नाही, पण दूओदेच्या वाळूला जवळ आणि भाडी त्या मानाने बरी. आलिंगे आणि सान्वी ही जोडगावं उत्तरेला, कड्यांवरून चालायला आवडणाऱ्यांसाठी. ओकिर्केबी बेटाच्या आतल्या भागात आहे, समुद्र नाही. बसने सगळीकडे जायला ठीक.

पहिल्यांदा जात असाल तर दोन रात्री उत्तरेला किंवा गुदयेमला आणि दोन स्वानेके-नेक्सो बाजूला काढा.

१३. एका दिवसात जाऊन येता येईल का?

वेळापत्रकाप्रमाणे येईल, पण जाऊ नका. कोपनहेगनहून जाण्यायेण्यातच सात-आठ तास जातात. तरीही एकच दिवस हातात असेल तर एकच दिशा धरा: रोन्नेहून उत्तरेला हामर्सहूस. मध्ययुगीन किल्ल्याचे हे भले मोठे अवशेष समुद्रावरच्या ७० मीटरहून उंच कड्यावर आहेत. प्रवेशाला तिकीट नाही. येताना हास्लेला थांबून धुरीचा मासा खा.

१४. समुद्रात उतरण्यासाठी भरती-ओहोटीच्या वेळा कुठे मिळतील?

लागतच नाहीत. कोकणातून आलेले सगळेच हा प्रश्न विचारतात. बाल्टिक समुद्र जवळजवळ बंदिस्त असल्यामुळे भरती-ओहोटी कळण्याइतकी होतच नाही. पाण्याची पातळी बदलते ती वाऱ्याने. पाणीही कमी खारट. तोंडात गेलं तर फरक लगेच कळतो. थंड मात्र असतं. जूनमध्ये ऊन कडक असलं तरी पाणी अजून हिवाळ्यातच असतं. पोहायचं तर जुलैचा शेवट ते ऑगस्ट.

१५. कोणत्या महिन्यात जावं?

ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबर. सभोवतीचा समुद्र हळूहळू तापतो आणि हळूहळूच निवतो, म्हणून इथला वसंत उशिरा येतो आणि शरद लांबतो. जूनच्या मध्यावर आलिंगेत फोल्केमोडे नावाचा राजकीय मेळावा भरतो, २०११ पासून. पंतप्रधानांपासून छोट्या संस्थांपर्यंत सगळे तंबू ठोकून लोकांशी बोलतात. पाहण्यासारखा आहे, पण त्या दिवसांत अख्ख्या बेटावर खोली आणि बोटीवर जागा मिळणं कठीण. मेळाव्याला जायचं नसेल तर तो आठवडा टाळा.

१६. क्रिस्टियान्सो हे बॉर्नहोल्मचंच गाव का?

नाही, आणि हा अपवाद गमतीचा आहे. क्रिस्टियान्सो हे गुदयेमच्या ईशान्येला सुमारे १८ किलोमीटरवरचं चिमुकलं बेट. शेजारचं फ्रेडरिक्सो त्याला पुलाने जोडलंय. १६८४ मध्ये इथे आरमारी किल्ला बांधला. तटबंदी तशीच आहे आणि तिच्या आत साधारण नव्वद माणसं राहतात. ही बेटं बॉर्नहोल्मच्या नगरपालिकेतच काय, डेन्मार्कच्या कुठल्याच नगरपालिकेत नाहीत. त्यांचा कारभार संरक्षण मंत्रालय पाहतं. मोटारी नाहीत. कुत्रा सोबत असेल तर त्याला नेता येत नाही, पक्ष्यांच्या वसाहतींसाठी. गुदयेमहून बोटीला सुमारे एक तास लागतो. हिवाळ्यात फेऱ्या अगदी थोड्या.

१७. जर्मनी किंवा पोलंडहून थेट बोट आहे का?

आहे. जर्मनीच्या र्‍यूगेन बेटावरच्या झासनित्सहून रोन्नेला साधारण साडेतीन तासांत बोट येते. पोलंडहूनही उन्हाळ्यात फेऱ्या असतात. सगळ्या हंगामी आहेत, रोजच्या समजू नका.

१८. आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण बेटाची खासियत मासा आहे हे खरं. पांढऱ्या चौकोनी धुराड्यांच्या भट्ट्यांत अल्डरच्या लाकडावर हेरिंगला धुरी देतात. राई ब्रेडवर तो मासा, वर कच्च्या अंड्याचा बलक आणि कांद्याची पात, याला 'गुदयेमवरचा सूर्य' म्हणतात. शाकाहाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्यावं. ताजी भाजी, बटाटे, बेटाचं रेपसीडचं तेल आणि क्लेमेन्सकेरच्या डेअरीचं चीज सहज मिळतं. तूरडाळ आणि मसाला मात्र कोपनहेगनहून न्या.

१९. मला बोट लागते. काय करू?

कॅटमरानमध्ये मागच्या भागात आणि मधोमध बसा, फोन बघू नका. वाऱ्याचा अंदाज असेल तर क्योगेचं जहाज (प्रश्न ५) घ्या. गोळी घ्यायची तर बोट सुटण्याआधी. लाटा सुरू झाल्यावर उपयोग होत नाही.

२०. वादळामुळे बोट रद्द झाली तर?

लाटा ठरावीक उंचीच्या वर गेल्या की वेगवान बोट सोडत नाहीत. शरद आणि हिवाळ्यात हे होतं. एका ऑक्टोबरमध्ये आम्ही रोन्नेच्या धक्क्यावर बॅगा घेऊन उभे असताना फलकावर रद्दची ओळ आली. माझ्या बाजूच्या आजींनी पिशवीतून विणकाम काढलं आणि म्हणाल्या, "समुद्र ठरवतो." बेटावरचे लोक हे गृहीत धरूनच जगतात. आपणही धरावं: भारतात परतायचं विमान असेल तर बॉर्नहोल्मची सहल त्याच्या आदल्या दिवशी संपवू नका, मध्ये किमान दोन दिवस ठेवा. रद्द झालेल्या फेरीचं तिकीट बदलून देतात, त्यासाठी तिकीट काढताना स्वतःचा चालू फोन नंबर घाला. निरोप तिथेच येतो.